खमिराचा खून

“कुणी केलंय ते मला ठाऊक आहे. तुम्ही फक्त सिद्ध करून द्या,” खुर्चीत टेकता टेकताच पाहुणा म्हणाला.

मावशीने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. तिचं हे पाहणं भाच्याच्या चांगलं ओळखीचं होतं. समोरच्याची आता धडगत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

“मग माझ्याकडे कशाला आलात?” ती म्हणाली. “खाली रबरी शिक्के करून देणारा बसतो. पाहिजे तो छाप मिळतो त्याच्याकडे.”

भाचा खिडकीशी बसून हसू दाबत होता. वय त्रेचाळीस, पोट वयाच्या पुढे गेलेलं, बँकेतली नोकरी सोडलेली. आता तो मावशीचा ड्रायव्हर होता, कारकून होता, आणि ओरडायला कुणी हाताशी लागतं म्हणूनही होता. मावशी खाजगी तपासाची कामं घ्यायची. नवरा-बायकोच्या भानगडींपासून विम्याच्या लबाड्यांपर्यंत काहीही. तोंड फाटकं, डोकं तल्लख.

“बाळ, लिहून घे,” ती म्हणाली. परक्यांसमोर ‘बाळ’ म्हटलं की भाच्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण सांगणार कुणाला?

पाहुणा एका जुन्या बेकरीच्या मालकांपैकी होता. तीन भावांतला मधला. थोरला गेला, त्याची बायको बेकरीतच राबते. धाकटा मालाची गाडी चालवतो. बहीण लग्न होऊन गेलेली, पण विक्रीचा वास लागल्यापासून माहेरीच मुक्काम ठोकून होती. वडील, आप्पा, म्हातारे झाले, हात कापतात म्हणून आता भट्टीजवळ नुसते बसून असतात.

“आमच्या पावाची सगळी करामत खमिरात आहे,” मधला म्हणाला. “आजोबांच्या वेळचं खमीर, विरजणासारखं जपलेलं आंबवलेलं पीठ. रोज त्यातून काढायचं, रोज त्यात पीठ घालायचं. कधी संपू द्यायचं नाही. एक मोठी बरणी, आणि ती बिघडलीच तर म्हणून फळीवर एक छोटी. छोटीला आम्ही राखण म्हणतो.”

“म्हणजे रिझर्व्ह,” भाचा म्हणाला. बँकेची सवय.

“तेच. एक मोठी कंपनी बेकरी घेतेय. तिला भिंती नकोत, भट्टी नको, आम्हीही नको. खमीर पाहिजे आणि नाव पाहिजे. आज संध्याकाळी त्यांचा माणूस येतोय. आणि काल सकाळी बघतो तर दोन्ही बरण्यांत कुणीतरी उकळतं पाणी ओतलेलं! खमीर मेलं. दोन्हीतलं थोडं थोडं घेऊन पीठ भिजवून पाहिलं. दगड!”

“आणि तुमच्या मते हे केलं...”

“वहिनींनी. दुसरं कोण? बेकरी विकली तर आम्हा सगळ्यांचं भलं होतंय. नुकसान एकट्या त्यांचं. कंपनी काही त्यांना पीठ मळायला ठेवणार नाही.”

“तुमच्या हिश्शातलं त्यांना काही देणार होतात?”

मधल्याने शर्टाची बाही नीट केली. “त्यांचा काय संबंध?”

“बरं,” मावशी उठली. “फी आगाऊ घेईन. आणि ज्यानं केलं त्याचं नाव देईन. तुम्हाला आवडेल त्याचं नाही.”

गाडी रिझर्व्हला लागली होती. भाच्याने काट्याकडे पाहिलं आणि मग न पाहिल्यासारखं केलं.

“पेट्रोल कधी भरणार आहेस?” मावशी म्हणाली.

“रिझर्व्हवर पुष्कळ जाते गं ती.”

“हो, जाते. आणि एक दिवस भर रस्त्यात बसते. मग सगळ्यांना आश्चर्य वाटतं.”

बेकरी एका अरुंद रस्त्याच्या वळणावर होती. फळ्या लावलेल्या. बाहेर गिऱ्हाईक उभं राहून बंद दाराला शिव्या देत होतं. आत शिरल्यावर पहिल्यांदा अंगावर आली ती गरमी. भट्टी विझवत नाहीत, मधला म्हणाला. एकदा गार झाली की परत तापायला फार वेळ खाते. पिठाच्या कोठीला मात्र नवं कोरं कुलूप दिसत होतं.

“कालपासून मीच लावलंय,” मधला म्हणाला. “आता कुणावर विश्वास ठेवायचा?”

भट्टीच्या बाजूलाच, दोन पायऱ्या उतरून, खमिराची खोली. दाराला नुसती कडी. आत एका घडवंचीवर गुडघ्याएवढी चिनी मातीची बरणी, वर फळीवर छोटी.

मावशीने झाकण काढलं. घट्ट मळलेल्या पिठाचा गोळा, वरून शिजून पिवळट पडलेला, सायीसारखं कातडं आलेलं. एका कडेला पांढरी, तुटकी जागा होती.

“ती काल वहिनींनी काढली, भिजवून पाहायला,” मधला म्हणाला. “आमच्या डोळ्यांदेखत.”

“आणि हा खड्डा?”

दुसऱ्या कडेला एक खड्डा होता, मनगट जाईल एवढा, थेट तळापर्यंत. मावशीने चमचा मागवला आणि खड्ड्याच्या आतल्या बाजूला खरवडलं. भाच्यानेही वाकून पाहिलं. आतही तेच पिवळट कातडं होतं, तळापर्यंत.

“गडबडीत घातला असेल कुणी हात,” मधला म्हणाला.

“असेल,” मावशी म्हणाली. आता ती फरशी बघत होती. घडवंचीवर, फरशीवर, भिंतीवरसुद्धा पाण्याबरोबर सांडलेल्या पिठाचे वाळलेले ओघळ होते. जणू कुणी बरणीत कमी आणि बाहेर जास्त ओतलं होतं.

“पाणी कुठून आणलं असेल?”

“भट्टीवर कायम मोठी किटली असते. चांगली जड आहे.”

पहिला आला धाकटा. दारालाच टेकून उभा राहिला, किल्ल्या बोटात फिरवत.

“मला उशीर होतोय. लवकर विचारा.”

“मालाची गाडी बंद, बेकरी बंद, आणि तुम्हाला उशीर?” मावशी म्हणाली. “कंपनीच्या माणसाला परवा हॉटेलात कशाला भेटलात?”

किल्ल्या थांबल्या. भाचा थक्क झाला. मावशीने गाडीतून दोन फोन केले होते खरे, पण त्याला वाटलं होतं, वीजबिलाबद्दल असतील.

“कुणी सांगितलं?”

“कंपनीचा माणूस उतरलाय त्या हॉटेलवाल्यानं. तुमच्या नावानं टेबल रिझर्व्ह होतं. स्वतःच्या नावानं टेबल राखून ठेवायचं आणि चोरून भेटायचं, एवढी अक्कल!”

धाकट्याचा चेहरा लाल झाला. “बरं, भेटलो. मधला सगळं स्वतःच्या घशात घालणार, हे मला दिसत नाही का? मी म्हटलं, मूठभर खमीर मीच आणून देतो, माझा व्यवहार वेगळा. तो माणूस नाही म्हणाला. सगळं पाहिजे, नाहीतर काहीच नको. संपला विषय.”

“मूठभर आणून देणार होतात. कुठून घेतलं असतंत?”

“बरणीतून. दुसरं कुठून?”

“बरणीत कुठून?”

“वरून! फुगतं तिथं जोर असतो. मला काय शिकवता? गाडी चालवतो म्हणून मला अक्कल नाही, असंच या घरात समजतात.” तो पाय आपटत गेला.

“हाच!” भाचा कुजबुजला. “मावशी, काळजावर हात ठेवून सांगतो, हाच. मूठभर काढलं, बाकीचं मारलं. आता तेवढंच शिल्लक म्हटल्यावर भाव दसपट.”

“तुझ्या काळजावरचा हात खिशात घाल,” मावशी म्हणाली. “पुढची माणसं बोलव.”

बहीण, म्हणजे वहिनींची नणंद, आली ती बोलतच आली. “माझा कुणी विचारच करत नाही! मुलीला काही द्यायला नको. म्हाताऱ्याचं करायला मात्र मुलगी पाहिजे. कालपासून आंघोळ करत नाहीत. अंगाला हात लावू देत नाहीत. वास मारतोय नुसता, आंबूस. म्हटलं निदान शाल तरी धुवायला द्या, तर काठी उगारली! पाय ठणकतो म्हणून मोजे घालून बसलेत या उकाड्यात. आणि हौस बघा, दादाच्या फोटोचा मागचा कागद निघालाय, तो चिकटवायला खळ करायचीय म्हणून माझ्याकडून स्वयंपाकघरातलं कोरडं पीठ मागून घेतलं. खळ मी करून देते म्हटलं, तर तेही नको.”

“वहिनींची झडती कुणी घेतली?”

नणंदेने पदर सावरला. “मी. घ्यायलाच पाहिजे होती. खोली, ट्रंक, अंगावरचं, सगळं. कालपासून नजरेआड होऊ दिलं नाही त्यांना. एक शब्द बोलल्या नाहीत. ज्याला काही लपवायचं असतं तोच गप्प बसतो.”

“किंवा ज्याला विचारायचीच कुणी तसदी घेत नाही तो,” मावशी म्हणाली. “तुम्हाला मूठभर खमीर काढायचं असतं तर?”

“चमच्यानं, वरच्यावर. हात कोण बरबटून घेणार?”

वहिनी आल्या तेव्हा त्यांच्या हातात पाण्याचे पेले होते. न सांगता आणलेले. अनवाणी, केस घट्ट बांधलेले, मनगटं पुरुषासारखी जाड. भट्टीवरची ती जड किटली उचलून त्यांनी मावशीसाठी बिनदुधाचा चहा ओतला. कप काठोकाठ भरला, बशीत थेंब पडला नाही.

“तुम्ही केलंत?” मावशीने सरळ विचारलं.

“नाही.”

“मग कुणी?”

वहिनींनी किटली परत जागेवर ठेवली.

“लोक म्हणतात तुम्ही काही बोलत नाही.”

“बोलून काय झालंय कधी?” वहिनी म्हणाल्या. मग, दार उघडलं जावं तसं, एकदम पुढचं बाहेर आलं. “हे गेले तेव्हा आप्पांनी मला परातीसमोर उभं केलं. म्हणाले, दुसरा माणूस मिळेपर्यंत. म्हणाले, तू राखणीतली. लागलं तर आहेस. मला बोट धरून शिकवलं, पण कधी बरं म्हणाले नाहीत. दुसरा माणूस काही आला नाही. मला कुणी नेमलंही नाही. आणि आता चोर.”

भाच्याला शाळा आठवली. शाळेच्या क्रिकेट टीममध्ये तो कायम बारावा गडी होता. पाणी न्यायचं, बॅटी आणायच्या, फोटोच्या वेळी बाजूला व्हायचं. त्याला एकदम या बाईचा फार राग आला, आणि मग कळलं की राग तिचा नव्हता.

“मूठभर खमीर काढायचं तर कुठून काढता?” मावशीने विचारलं.

“तळातून,” वहिनी म्हणाल्या, जणू विचारण्यासारखं त्यात काही नव्हतंच. “वरचं उतावळं असतं. टिकाऊ ते तळाशी. वापरायचं वरचं, राखायचं तळातलं. आप्पांचा नियम आहे.”

भाच्याने मावशीकडे पाहिलं आणि त्याचं मन खट्टू झालं. खड्डा तळापर्यंत होता. म्हणजे मधल्याचंच खरं होतं की काय?

आप्पा भट्टीलगतच्या खोलीत आरामखुर्चीत बसले होते. भाच्याच्या मानेवरून घामाच्या धारा लागलेल्या, आणि म्हातारा खांद्यावरून शाल लपेटून, पायांत लोकरी मोजे घालून बसलेला. डावा हात शालीच्या आत, उजवा काठीवर. तो सारखा थरथरत होता.

“कोण ही?” त्यांनी मधल्याला विचारलं.

“तपास करायला आणलंय, आप्पा.”

“पैसे उधळायला भारी हौस. आरशात पाहिलं असतंस तर फुकटात कळलं असतं, तू कसला माणूस आहेस ते.”

मावशी स्टुलावर बसली. “आप्पा, खमिरातून मूठभर घ्यायचं तर कुठून घ्यावं?”

म्हाताऱ्याने तिच्याकडे मान वळवली. “आता राहिलंय कुठं घ्यायला? मेल्या माणसाची नाडी बघताय होय?”

“तुमच्या सुनेनं मारलं म्हणतात.”

“म्हणू देत.”

“तुम्हाला काय वाटतं?”

“मला काय वाटतं हे या घरात कधी विचारलं होतं कुणी? आजच का?”

मधला मध्येच तडकला. “आप्पा, स्पष्ट बोला ना! त्यांनीच केलंय. मी तर वहिनींना सांगितलंय, आज संध्याकाळी घराबाहेर. काय न्यायचं ते घेऊन चालत्या व्हा. तुम्ही आमच्याकडे काही मागायचं नाही, आम्ही तुमच्याकडे काही मागणार नाही. संबंध तुटला.”

“इथं मला काय सांगतोस?” आप्पा म्हणाले. “खरंच तसं असेल तर तो कंपनीचा माणूस आला की त्याच्यासमोर बोल. मोठ्यानं. चार माणसांत सांगितलं की मागं फिरता येत नाही. धाकट्यालाही बोलायला लाव.”

दारात उभ्या असलेल्या वहिनींनी हे ऐकलं. त्यांचा चेहरा भिंतीसारखा झाला. त्या वळून गेल्या.

भाच्याला म्हाताऱ्याची काठी घेऊन त्याच्याच डोक्यात घालावीशी वाटली. निघताना रागाच्या भरात त्याचा धक्का भिंतीवरच्या फोटोला लागला. तरुण माणूस, हसरा, हात पिठाने माखलेले. फोटो तिरका झाला. नीट करताना मागच्या सुटलेल्या कागदाचा फडफडाट झाला. मावशी एकदम थांबली, तिने फोटो उलटा करून पाहिला आणि पुन्हा जागेवर लावला.

बाहेर येऊन ती म्हणाली, “बाळ, जा, पेट्रोल भरून आण.”

“म्हणजे झालं?”

“झालं. आता फक्त त्या मधल्याला मोठ्यानं बोलू द्यायचंय.”

कंपनीचा माणूस आला तो घड्याळ बघतच आला. बरणी पाहिली, नाक मुरडलं. “मग कठीण आहे. आमच्या साहेबांना खमिरातच इंटरेस्ट होता. बाकी आमच्याकडे सगळं आहे.”

“एका बाईनं घात केला साहेब,” मधला म्हणाला. “घरातल्याच.”

सगळे भट्टीसमोर जमले होते. वहिनींच्या पायाशी एक ट्रंक होती. आप्पा काठी टेकत दारापर्यंत आले होते. एक पाय अलगद टाकत होते.

“बोल,” आप्पा म्हणाले. “आता का दातखीळ बसली?”

मधल्याने छाती पुढे काढली. “साहेबांसमोर सांगतो. वहिनींनी आत्ता घर सोडायचं. जे नेतील त्यावर आमचा हक्क नाही. पुढं कशावरही नाही. त्यांचाही आमच्यावर नाही.”

“तू?” आप्पांनी धाकट्याला विचारलं.

“माझंही तेच. जा म्हणावं एकदाचं.”

“माझंही!” कुणी विचारलं नसताना नणंद म्हणाली.

“छान,” मावशी म्हणाली. “आता माझं ऐका. कुणी केलं ते सांगते.”

मधला हसला. “तेवढ्यासाठीच तर आणलंय तुम्हाला.”

“बरणीत खड्डा आहे, तुम्ही म्हणालात गडबडीत कुणी हात घातला. काल वहिनींनी काढलं तिथं आत पांढरं आहे, कारण पाणी ओतून झाल्यावर काढलं. खड्ड्यात मात्र आतूनही शिजलेलं कातडं आहे. म्हणजे आधी मूठ काढली, मग पाणी ओतलं. ज्यानं खमीर मारलं, त्यानं त्यातलं जिवंत राखलं.”

कंपनीच्या माणसाने घड्याळ बघणं सोडलं.

“मी म्हटलं नव्हतं?” भाच्याच्या तोंडून निघून गेलं. धाकट्याने त्याच्याकडे खाऊ का गिळू असं पाहिलं.

“म्हटलं होतंस, पण चुकीच्या माणसाबद्दल. धाकट्यांनी वरून घेतलं असतं. ताईंनी चमच्यानं घेतलं असतं. आणि चोरी करणाऱ्याला काय, वरचंच हाताला लागतं. जिथं घाईनं काढायचं, तिथं कोपरापर्यंत हात घालून तळ कोण गाठेल? ज्याच्या हाताला वळणच ते आहे. मारायला गेला तरी ज्याचा हात राखल्याशिवाय राहत नाही. अशी माणसं या घरात दोन.”

“म्हणजे वहिनीच!” मधला ओरडला.

“वहिनी तीच किटली उचलून चहा ओततात, बशीत थेंब पडत नाही. त्या खोलीत मात्र भिंतीपर्यंत पाणी उडालंय. ओतणाऱ्याचे हात कापत होते. एवढं उकळतं पाणी सांडलं तर पायावर पडणारच. वहिनींचे पाय बघा, उघडे आहेत, कुठं डाग नाही. भट्टीशेजारी लोकरी मोजे घालून कोण बसलंय, तेही बघा.”

सगळ्यांच्या माना वळल्या. आप्पा हलले नाहीत.

“म्हातारी माणसं मोजे घालतात,” नणंद म्हणाली, पण आवाज पडला होता.

“घालतात. शालही घेतात. पण आंघोळ चुकवतात, शाल धुवायला देत नाहीत, आणि आंबूस वास येतो, हे तुम्हीच सांगितलंत. खमिराला ऊब लागते आणि रोज पीठ लागतं. कोठीला कुलूप, म्हणून खळीचं निमित्त काढून तुमच्याकडून कोरडं पीठ घेतलं. फोटोचा कागद अजून तसाच फडफडतोय. खळ झालीच नाही. ते पीठ कुठं गेलं, आप्पा?”

म्हाताऱ्याने काठी भिंतीला टेकवली. थरथरता उजवा हात शालीत गेला आणि काखेतून एक कापडी पुरचुंडी बाहेर आली. फुगलेली, गाठीतून वर येऊ पाहणारी.

“जिवंत आहे,” ते म्हणाले. “रात्रीत दुप्पट झालं.”

“आप्पा!” मधल्याचा आवाज चिरकला. “तुम्ही? स्वतःच्या घराची माती केलीत?”

“घर? तू विकत होतास ते घर? थोरल्याच्या बायकोला रस्त्यावर काढून? तुला लुबाडल्याशिवाय हे तिला मिळणार नव्हतं. आणि तू स्वतःच्या तोंडानं सोडल्याशिवाय तिच्याकडे टिकणार नव्हतं. आता बोललास. पाहुण्यांसमोर बोललास. तिघंही बोललात.” म्हाताऱ्याने पुरचुंडी पुढे केली. “घे, सूनबाई. तुझं आहे. घेऊन जा इथून.”

मधला पुढे झाला तसा भाचा मध्ये उभा राहिला. पोटाचा आयुष्यात पहिल्यांदा उपयोग झाला. कंपनीच्या माणसाने खिशातून कार्ड काढलं आणि वहिनींकडे निघाला. मावशीने नुसतं पाहिलं, तो जागच्या जागी थांबला.

वहिनींनी पुरचुंडी घेतली नव्हती.

“कालपासून,” त्या म्हणाल्या, “माझी ट्रंक उपसली. माझ्या अंगावरचं फेडून पाहिलं. मी चोर, मी घातकी. तुम्ही पलीकडच्या खोलीत बसून ऐकत होतात. मघाशी यांना म्हणालात, मोठ्यानं बोल.”

“तुला सांगितलं असतं तर तुझ्या तोंडावर दिसलं असतं,” आप्पा म्हणाले. “तुला खोटं जमत नाही. म्हणून नाही सांगितलं.”

“विचारलं असतंत, तर मी नको म्हटलं असतं.”

“म्हणूनच नाही विचारलं.”

“कधीच नाही विचारलं!” वहिनींचा आवाज भट्टीवर आदळून परत आला. इतका मोठा त्यांचा आवाज घरात कुणी ऐकलाच नव्हता. “परातीसमोर उभं केलंत तेव्हा नाही, आणि चोर ठरवलंत तेव्हाही नाही. माझं भलं करायलासुद्धा मला विचारावंसं वाटलं नाही तुम्हाला!”

मावशी हळूच म्हणाली, “म्हणूनच सगळ्यांसमोर सांगितलं, वहिनी. खमीर त्यांनी वाचवलं. तुमचं नाव वाचवायचं राहून गेलं होतं.”

वहिनींनी पुरचुंडी घेतली. गाठ सोडली, बोटाने दाबून पाहिलं, वास घेतला. चेहरा क्षणभर सैल झाला, आणि पुन्हा आवळला.

“वहिनी,” मधला एकदम मऊ आवाजात म्हणाला, “घरचा नियम आहे. काढणाऱ्यानं मूठ मागं राखायची.”

“आहे ना,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी गोळ्याच्या तळातून लिंबाएवढं तोडलं आणि आप्पांच्या थरथरत्या तळहातावर ठेवलं. “रोज पीठ घालायचं. विसरलात तर मरेल. आठवण करायला मी नाही.”

“मला इथंच ठेवून चाललीस?” म्हातारा म्हणाला. मघापासून पहिल्यांदाच त्याचा आवाज म्हाताऱ्यासारखा आला. “यांच्यात?”

वहिनींनी ट्रंक उचलली. दारापर्यंत गेल्या आणि मागे न बघता म्हणाल्या, “तुम्ही राखणीत, आप्पा. लागलं तर बोलवीन.”

म्हाताऱ्याने मूठ मिटली आणि ती शालीच्या आत, काखेत नेली. मागे भाऊ एकमेकांवर ओरडायला लागले होते. फी परत मागत मधला मावशीच्या मागे रस्त्यापर्यंत आला, पण तिने गाडीची काच वर घेतली.

वहिनी मागच्या सीटवर बसल्या, पुरचुंडी पोटाशी धरून. भाच्याने आरशात पाहिलं. त्या रडत होत्या, आणि रडता रडता एका हाताने गाठ सैल करत होत्या, गोळ्याला फुगायला जागा मिळावी म्हणून.

“कुठं सोडू, वहिनी?” त्याने विचारलं.

“ते बघू,” त्या नाक ओढत म्हणाल्या. “आधी वाटेत कुठं चांगलं पीठ मिळेल का सांगा. याची खायची वेळ झाली.”